ताश्कंदमार्गे

तुआस, सिंगापूर
१२ मार्च २००६

अण्णा,

आणि मला माज आलाय हे आईच्या तोंडून कळवायची काय गरज होती? फोन तुमच्या हाताशीच असतो. मी आईशी बोलतो तेव्हा मागं तुमच्या खुर्चीची करकर ऐकू येते, खोकला ऐकू येतो, "विचार त्याला, नोकरी टिकलीय का" असं तुम्ही हळूच म्हणता तेही ऐकू येतं. मग दोन पावलं फोनपाशी यायला काय होतं? तुम्ही येत नाही म्हणून लिहितो. तीर्थरूप, साष्टांग वगैरे आईच्या कागदावर लिहिलंय, त्यातलं अर्धं तुमचं समजा.

नोकरी टिकलीय. माझं बूड एका जागी टिकत नाही हे खरं असलं तरी इथं त्याचा उपयोग नाही. परमिट एकाच यार्डाचं असतं, ते सोडलं की देश सोडायचा. जहाजाच्या पोटातल्या टाकीत उतरून वेल्डिंग करतो. वर आलं की अंगातला शर्ट पिळून परत घालायचा. पळून जावंसं रोज वाटतं, पण कुठं पळणार? समोर समुद्र आणि समुद्रावर मलेशियाला जाणारा पूल.

आता मुद्द्याचं. उल्काला मी कुठल्या तरी रानात नेऊन टाकली असं तुम्ही अख्ख्या मेढा गावात सांगत फिरता. तुम्ही गुरुजी, लोकांना खरंच वाटणार. तिला बारावीला थोडे मार्क कमी पडले. आपल्याकडच्या खाजगी मेडिकलचा आकडा ऐकलात आणि दुसऱ्या दिवशी डी.एड.चा फॉर्म आणून टेबलावर ठेवलात. तिला कुणी विचारलं नाही. मी फोनवर विचारलं तर म्हणाली, डॉक्टर व्हायचंय. मग मी पुण्याच्या एजंटाला पैसे भरले, पालक म्हणून आईनं सही केली आणि सप्टेंबरात ती ओशच्या मेडिकल कॉलेजला गेली. यात तुमचा अपमान कुठं झाला ते मला अजून समजलेलं नाही.

तुम्ही म्हणालात, जो देश माझ्या नकाशात नाही तिथं माझी मुलगी जाणार नाही. अण्णा, तो नकाशा शाळेनं काढून टाकलेला आहे, तुम्ही रिटायर होताना गुंडाळून घरी आणलात. त्यात अजून सोव्हिएत रशिया एकसलग गुलाबी आहे. त्या गुलाबी रंगाचे तुकडे पडून पंधरा वर्षं झाली. खालच्या बाजूच्या एका तुकड्यात उल्का आहे. किरगिझस्तान.

नववीत भूगोलात तुम्ही मला तुमच्या हातानं नापास केलंत, तेव्हा माझं ऐकणार नाही. मुकुलदादांचं ऐका. हे इथले आपले मराठी गृहस्थ. चांगी बिझनेस पार्कमध्ये बँकेच्या कॉम्प्युटरचं काम बघतात, राहायला सेंगकांगला. मंडळाच्या गणपतीत मंडपाचं लोखंडी काम मी केलं, तेव्हापासून रविवारी त्यांच्याकडं जेवायला असतो. सुलेखावहिनी डबाही बांधून देतात. मुकुलदादांनी कॉम्प्युटरवर काढून मला वाचून दाखवलं ते असं: देश आपल्या महाराष्ट्राच्या दोन तृतीयांश. माणसं बावन्न लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यात जास्त आहेत. शंभरातला नव्वद भाग डोंगर. समुद्र नाही. वर कझाकस्तान, पश्चिमेला उझबेकिस्तान, खाली ताजिकिस्तान, पूर्वेला चीन. सोन्याची मोठी खाण आहे, बाकी मेंढरं, घोडी, दक्षिणेला कापूस, तंबाखू. आणि तरणी पोरं रशियात कामाला जातात, त्यांच्या पैशावर मागं घरं चालतात. एवढं वाचून मुकुलदादा माझ्याकडं बघून म्हणाले, "निशिकांत, अरे हा तर तुझाच देश निघाला."

तर रान नाही. जुलैत उल्काला सुट्टी लागते. आई तिच्यासाठी झुरतेय, म्हणून तिला घरी आणायचं म्हणतो. तुम्हाला चालत असेल तर आईकडून कळवा.

निशिकांत


३० एप्रिल २००६

अण्णा,

तुमचं पत्र मिळालं. पाकिटावर तुमचं अक्षर बघून आधी वाटलं आईला काही झालं. उभ्या उभ्या फोडलं, मग खाटेवर बसून वाचलं. माझ्या खोलीतल्या तमिळ पोरांना वाटलं कुणी गेलं. मी म्हटलं नाही, माझ्या बापाचं पत्र आलंय. ते म्हणाले मग तोंड असं का केलंयस.

तुम्ही काढलेला नकाशा सगळ्यांना दाखवला. नद्या निळ्या पेन्सिलीनं, डोंगर चॉकलेटी, फळ्यावर काढायचात तसाच. ओश एवढं कडेला आहे हे मला माहीत नव्हतं. मी मुकुलदादांकडून पाठ केलं ते सगळं वरवरचं, तुम्ही वाटच काढून दिलीत. राजधानी बिश्केकवरून यायचं तर दहा हजार फुटांच्या वरचे दोन घाट, रस्त्यात दरडी, बारा तास मोटार. आणि ताश्कंदवरून यायचं तर फरगाण्याचं सपाट खोरं, मग एकच घाट की ताश्कंद. तुम्ही लिहिलंय, "मुलीला ताश्कंदमार्गे आणावे, हे उत्तम." हे वाक्य मी पाठ केलंय.

आई फोनवर रडली. ताश्कंद म्हणू नकोस म्हणाली, शास्त्रीजी तिथं गेले ते परत आले नाहीत. मी म्हटलं आई, ते पंतप्रधान होते, आपली उल्का आहे, तिला कोण विचारतंय. मागून तुमचं हसणं ऐकू आलं. खरं सांगा, हसलात ना?

मुकुलदादांना विचारलं. ते म्हणाले तुझ्या वडिलांचं बरोबर आहे, ताश्कंद–दिल्ली विमान स्वस्तही पडतं. ओश ते उझबेकिस्तानची सीमा म्हणजे जवळपास गावातच. मी विचारलं, सीमेवर काय काय लागतं? तर हसले. म्हणाले, "अरे, आम्ही दर शनिवारी पलीकडं मलेशियात, जोहोरला जातो. पेट्रोल भरायचं, भाजी घ्यायची, परत. पासपोर्ट खिडकीतून द्यायचा, शिक्का, झालं. सीमा म्हणजे टोलनाका समज." त्यांच्या नीलनं नकाशावर बोट ठेवून ओश आणि सीमा दाखवली. नऊ वर्षांचा आहे, मराठी समजतं पण बोलत नाही. म्हणाला, "सो निअर लाह, अंकल." वहिनी भांडी आवरत म्हणाल्या, यांना सिंगापूरचा लाल पासपोर्ट मिळाल्यापासून सगळं जग सेंगकांग वाटतं. आम्ही सगळेच हसलो.

तिकीट काढलं. एक जुलै, ताश्कंद ते दिल्ली. सांगलीची मीनल म्हणून तिची वर्गमैत्रीण आहे, तिच्या वडिलांनीही तेच काढलं. तुमच्या पत्राची झेरॉक्स उल्काला पाठवलीय.

अण्णा, नववीनंतर तुमचं माझं पहिल्यांदा एका गोष्टीवर जमलं. लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

निशिकांत


२५ जून २००६

अण्णा,

उल्काची परीक्षा संपली. पास आहे, शरीरशास्त्रात वर्गात दुसरी. शुक्रवारी दुपारी ओशहून निघेल, शनिवारी विमान, दिल्लीला उतरल्यावर फोन करेल. आईसाठी शाल आणि तुमच्यासाठी तिथली पांढरी उंच फेल्टची टोपी घेतलीय म्हणे. घालायची.

आज सुट्टी असून मंडळाच्या सहलीला गेलो नाही. यार्डाच्या बाजूला कट्ट्यावर बसलोय. समोर पूल आहे, पुलापलीकडं जोहोर. झाडं दिसतात, गाड्यांचे दिवे दिसतात. इथं आल्यापासून रोज बघतो, पण कधी गेलो नाही. मला जायचं तर व्हिसा काढावा लागतो आणि परमिटवाल्याला मिळेलच असं नाही. मुकुलदादा नुसते जातात. हा विचार उगाच आला. उल्का काही मजूर नाही, कॉलेजची आहे, तिच्याकडं विमानाचं तिकीट आहे.

तुम्ही सांगितलेल्या वाटेनं येतेय. घरी आली की फोन उचला.

नि.


२ जुलै २००६

अण्णा,

हे पत्र फक्त तुम्हाला आहे, आईला वाचून दाखवू नका. आईला मी फोनवर सांगितलं विमान दोन दिवस पुढं गेलं. पुढं गेलेलं नाही. काल वेळेवर सुटलं, दिल्लीला उतरलं, त्यात उल्का नव्हती. मीनलही नव्हती. मीनलचे वडील विमानतळावर तीन तास उभे होते, त्यांनी मला फोन करून तोंडाला येईल ते सुनावलं. ते बरोबरच होतं.

होस्टेलच्या फोनवर एक बाई रशियनमध्ये बोलते. उल्काचं नाव घेतलं की "नेत, नेत" म्हणते. मुकुलदादांनी कॉम्प्युटरवर बघितलं. मग म्हणाले उझबेकिस्तानला भारतीयांना व्हिसा लागतो, नुसतं पलीकडं जायलाही. मी म्हटलं तुम्ही टोलनाका म्हणाला होता. ते म्हणाले, "मला कधी लागला नाही रे, त्यामुळं डोक्यातच आलं नाही." वहिनींनी त्यांच्याकडं बघितलंही नाही, मला ताट वाढलं. मी जेवलो नाही.

मला तरी का आलं नाही डोक्यात? मी तर रोज त्या पुलासमोर उभा असतो.

पत्र पोचेस्तोवर काही तरी निकाल लागलेला असेल. लागला की फोन करीन. या वेळी तुम्ही उचला, आईशी हे मला बोलता येणार नाही.

निशिकांत


१६ जुलै २००६

अण्णा,

तुम्ही उचललात. मी "सापडली" म्हटलं, तुम्ही "बरं" म्हटलंत आणि ठेवलात. तेवढंही चालेल. पण झालं काय ते तुम्हाला माहीत नाही, आईला मी वरवरचं सांगितलंय. उल्कानं पोस्टातून फोन करून मला जे सांगितलं ते सगळं लिहितो.

शुक्रवारी दुपारी दोघी सीमेवर गेल्या. किरगिझ बाजूला खिडकीत पासपोर्ट दिला, बाहेर जाण्याचा शिक्का बसला. पुढं दोन्हीकडं जाळी आणि मधून चालायची वाट. ट्रंक ओढत पलीकडच्या फाटकापाशी गेल्या. तिथल्या उझबेक शिपायानं पासपोर्टाची सगळी पानं उलटली, परत पहिल्यापासून उलटली, आणि विचारलं, व्हिसा? यांनी विमानाचं तिकीट दाखवलं. त्यानं मान हलवली. भांडला नाही, ओरडला नाही, फक्त फाटक उघडलं नाही. मग मागं फिरल्या. मागच्या फाटकावर म्हणाले, तुमचा व्हिसा एका खेपेचा होता, तुम्ही बाहेर पडलात, तो संपला.

पुढं जाता येत नाही, मागं येता येत नाही. मधल्या वाटेवर ट्रंकांवर बसून राहिल्या. तिथल्या बायका गाठोडी घेऊन इकडून तिकडं जात होत्या. त्यांची बहीण पलीकडं, मामा अलीकडं. पूर्वी एकाच देशात होतं म्हणे, माहेर आणि सासर. उल्का म्हणाली, अण्णांच्या नकाशावर ही वाट बरोबरच आहे, फक्त रेघ नंतर आली. तुमच्यावर राग नाही तिचा. एका म्हातारीनं त्यांना अर्धी भाकरी मोडून दिली. तिथंही अशा भाकरीला नानच म्हणतात.

संध्याकाळी किरगिझ बाजूचा साहेब आला. शिक्का रद्द करायचा तर कागदावर कारण लिहावं लागेल म्हणाला. दोघी देश सोडून घरी निघालेल्या, मग त्यांना परत आत का घ्यायचं? त्यानं एकेकीला विचारलं, तुझं घर कुठं? मीनल रडत म्हणाली इंडिया. साहेबानं उल्काकडं बघितलं.

आता उल्कानं मला जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहितो. मला गाळता आलं असतं.

"दादा, मी ओश म्हटलं. त्याला बरं वाटावं म्हणून नाही. ट्रंकेवर बसल्या बसल्या मला होस्टेलची खिडकी दिसत होती, सोमवारचा वॉर्ड दिसत होता. मेढा दिसत नव्हतं. आईला सांगू नकोस."

साहेबानं कॉलेजला फोन केला. ती रात्र दोघींनी तिथल्या बाई शिपायाच्या खोलीत काढली. सकाळी कॉलेजच्या एक मॅडम कागद घेऊन आल्या, दोघींना ओळखलं, शिक्का रद्द झाला. होस्टेलच्या वहीत दोघी गेलेल्याच होत्या म्हणून फोनवरची बाई "नेत" म्हणत राहिली, नंतर तो फोनही बिघडला, पोस्ट बंद, त्यात तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत मी यार्डात एक सांधा असा जोडला की फोरमननं कापून टाकायला लावला.

मीनल बिश्केकवरून घरी गेली. उल्का गेली नाही. सुट्टीत वॉर्डात मदतीला राहते म्हणाली, पुढच्या वर्षाची फी भर म्हणाली.

टोपी तिच्याकडंच आहे.

निशिकांत


६ ऑगस्ट २००६

अण्णा,

तुमचं दुसरं पत्र आलं. हे मी उभ्यानं फोडलं नाही. गेल्या रविवारपर्यंत उशीखाली ठेवलं.

तुम्ही लिहिलंय की मीनलच्या वडिलांनी मुलीला कायमची आणली, सांगलीत बी.एस्सी.ला घातली, शहाणा माणूस. तूही उल्काला कायमची आण. आणि खाली, वेगळ्या ओळीत: "मुलगी घरी आली की तू फोन कर. मी बोलेन." आईनं सांगितलं, भिंतीवरचा नकाशा तुम्ही काढलात आणि माळ्यावर टाकलात, तिथं आता चौकोन दिसतो.

अण्णा, नकाशा परत लावा. चूक नकाशानं केली नाही, मुकुलदादांनीही केली नाही. ते परवा इथं तुआसला आले होते, एवढ्या लांब, पहिल्यांदाच. यार्डाच्या फाटकाबाहेर उभे राहून म्हणाले उल्काचं बुडालेलं तिकीट मी भरतो. मी नको म्हटलं. मग ते बराच वेळ पुलाकडं बघत होते. चूक अशी झाली की तुम्ही ताश्कंद म्हणालात आणि मला इतकं बरं वाटलं की मी पुढचं विचारलंच नाही. तुमचं काय झालं ते तुम्हाला माहीत. तुमच्या पहिल्या पत्रात एका जागी ताश्कंद लिहून खोडलंय, परत लिहिलंय. म्हणजे तुम्हालाही शंका आली होती. पोरगा ऐकतोय म्हटल्यावर तुम्हीही पुढं गेलात.

तुम्ही फोनवर बोलाल हे मला किती हवंय ते लिहायला लागलो तर पान पुरणार नाही. इथं जेवणाच्या सुट्टीत सगळी पोरं घरी फोन लावतात, कुणाचा बाप शिव्या देतो, कुणाचा पैसे मागतो, ते ऐकत मी डबा खातो. तुम्ही "बरं" म्हणालात त्याचा आवाज अजून कानात आहे. उल्काला परत आणलं तर तो रोज ऐकायला मिळेल. हा सौदा मी आठवडाभर मनात उलटापालटा केला. एकदा मुकुलदादांच्या घरून एजंटाला फोनही लावला, परतीचं विचारायला. त्यानं दर सांगितला, मी लिहून घेतला. वहिनींनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "तुम्ही तिला आणताय की स्वतः घरी जाताय?" मी कागद घडी करून खिशात घातला.

ती त्या साहेबाला ओश म्हणाली. तुम्हाला ते लागलं, मलाही लागलं. पण विचार करा, घरी यायच्या वाटेवर बसलेली पोर, भुकेली, घाबरलेली, हातात घरचं तिकीट, आणि ती मागं बोट दाखवते. तिला आणायची म्हणजे हात धरून ओढूनच आणावी लागेल. मी पंधराव्या वर्षी पळालो तेव्हा मला कुणी ओढलं नाही. तुम्ही दारात उभे होतात, मी वळून बघितलं होतं. तुम्ही आवाज दिला असता तर मी थांबलो असतो आणि आज काय झालो असतो कोण जाणे. पण मी कुठं जातोय हे मलाच माहीत नव्हतं. तिला माहीत आहे.

म्हणून तिला आणत नाही. तुम्ही बोलला नाहीत तरी.

फक्त एक आहे. गेल्या वर्षी आईनं चोरून सही केली, तुमच्या मागं, आणि घरात वर्षभर कुणी नीट जेवलं नाही. या वर्षी तसं करणार नाही. फी पुण्याच्या ऑफिसात पालकानं जाऊन भरायची असते, पंचवीस ऑगस्टच्या आत. मी त्यांना पालक म्हणून तुमचं नाव कळवलंय. तुम्ही गेला नाहीत तर तिचं वर्ष जाईल, आणि मग ती घरी येईल, तुम्हाला हवं तसं. मला ते इथून थांबवता येणार नाही. पैसे आईच्या खात्यावर नाही, तुमच्या पेन्शनच्या खात्यावर पाठवतोय. त्यात पुढच्या वर्षाची फी आहे, आणि जाऊन परत येता येईल अशा दोन खेपांच्या व्हिसाचे पैसे आहेत. तुमचं पुण्याचं एसटीचं भाडंही धरलंय.

एकूण सिंगापूरचे दोन हजार एकशे डॉलर, म्हणजे आपले एकसष्ट हजार आठशे रुपये.